दुपट्ट्याखालची बोटं

मागच्या हिवाळ्यात खामगावात तिचा सत्कार झाला. स्टेजवर मोठं बॅनर, बॅनरवर निळ्या जर्सीतला तिचा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘खामगावची कन्या, फ्रान्सची हॉकीपटू’. मी हॉलच्या पार मागं, दाराला टेकून उभी होते. खामगाव-चिखली गाडीवर मी कंडक्टर आहे. ड्युटी संपवून तशीच गेले होते, अंगावर खाकी, खांद्याला बॅग. जाणार नव्हतेच मी. पण गेले, आता काय करायचं.

तिनं भाषणात सगळ्यांचे आभार मानले. आमच्या सरांचे मानले, जिनिंगवाल्या मालकांचे मानले, तिला फ्रान्सला नेणाऱ्या बाईंचे मानले. मग जरा थांबली आणि म्हणाली, "माझी एक मैत्रीण होती. ती चेंडू अडवायची."

होती! अवं, मी काय मेले का? चार रांगा सोडून मागं धडधाकट उभी आहे. आणि ‘चेंडू अडवायची’ म्हणजे काय? रस्त्यात म्हैस अडवतात तसं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं मीही वाजवल्या असतील. बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते आणि बॅगेचा पट्टा मी इतका आवळून धरला होता की तळहातावर वळ उठला.

तर आता मी सांगते. इतकी वर्षं तिनंच सांगितलं.

तिचं घर आणि आमचं घर विहारामागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून. तिची आई लवकर गेली, बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्यामुळे ती जेवायला आमच्याकडे, झोपायला आमच्याकडे आणि मार खायचा तर तोही माझ्याच आईच्या हातचा. शाळेत सरांनी हॉकी आणली तेव्हा दोघींनी एकाच दिवशी स्टिक धरली. शाळेचं ग्राउंड म्हणजे नुसती काळी माती. पावसाळ्यात बूट ओढून घेणारा चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिथं चेंडू पळायचाच नाही. सर खटपटे. जिनिंगचा सीझन संपला की कापूस टाकायचं सिमेंटचं आवार रिकामं पडतं, हे त्यांनी हेरलं आणि मालकाला गळ घातली. त्या आवारात चेंडू असा सुसाट यायचा की बाप्पा! पुढं कधीतरी खरं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, पाहिलं तेव्हा लोक हरखले, आम्हा दोघींना काही वाटलं नाही. सरकीच्या वासात आम्ही त्याहून वेगाचा चेंडू खेळलो होतो.

ज्यांना हॉकी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. समोरच्यांनी आपल्या गोलाजवळ चूक केली की आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो. एक पोरगी गोलाच्या रेषेवरून चेंडू जोरात बाहेर ढकलते. दुसरी वाकून, स्टिक आडवी टाकून तो जागच्या जागी अडवते. तिसरी मारते. पापणी लवते न लवते तोच सगळं आटपतं. अडवणारी मी, मारणारी ती. माझ्या स्टिकवर चेंडू बोटभर जरी उडाला तरी तिचा फटका वाया. तिला हे माहीत होतं, मला माहीत होतं. बाकी जग गोल कोणी मारला ते विचारतं.

माझे आबा बैलबाजारात दलाल होते. त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्या-देणाऱ्याच्या हातांवर दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचं उपरणं, टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून बोलायचं. किती बोटं धरली, मूठ दाबली की अंगठा मुडपला, त्यावरून सगळं ठरतं. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी कोणाला पत्ता लागत नाही. आणि तिथला कायदा म्हणजे, दुपट्ट्याखालचं बाहेर काढायचं नाही. तिसऱ्याचा हात आत घ्यायचा असला तर जोडीदाराला विचारून घ्यायचा. ज्यानं फोडलं, त्याच्यासंग पुन्हा कोणी दुपट्टा टाकत नाही. त्यानं बाजारात यावं, बैल घ्यावा, पण बोलायचं ते तोंडानं, सगळ्यांच्या देखत. आबा म्हणायचे, असं झालेल्या माणसानं बाजार सोडलेलाच मी पाहिलाय.

तिला या बोटांचं भलतं वेड. आबा घरी आले की पाणी द्यायच्या आधी ही त्यांच्या दुपट्ट्यात हात खुपसायची. "सांगा आबा, आजची जोडी केवढ्याले गेली?" आबा बोटं दाबायचे, ती फटकन आकडा सांगायची. मी त्यांची सख्खी लेक, मला जमायला वेळ लागायचा. आबा हसून म्हणायचे, "हे पोट्टी बाजारात उतरली तं माह्या पोटावर पाय देईन." आम्ही सगळे हसायचो.

कॉर्नरला खुणा कराव्यात, ही अक्कल तिचीच. डोकं तिचं, बोटं आबांची, गुडघा माझा. वाकायच्या आधी मी उजवा हात गुडघ्यावर ठेवायचे. मूठ असली तर सरळ मार. दोन बोटं असली तर मी चेंडू डावीकडं सरकवते, तिकडून मार. पंजा उघडा असला तर मारायचं नुसतं सोंग कर, चेंडू मी ढकलणारीकडं परत देते. जिल्ह्यात आमच्यापुढं कोणाची डाळ शिजली नाही. आबा एकदा सामना बघायला आले आणि माझा गुडघा बघून खो-खो हसले. "काय वं पोरीहो, इथीबी बाजार मांडला का?"

बारावीच्या वर्षी अमरावतीला राज्याच्या संघासाठी शिबिर लागलं. माझ्यासाठी ते काय होतं हे सांगितलं पाहिजे. घरात डोणगावचं एक स्थळ येऊन बसलं होतं. आई म्हणत होती, संघात आलीस तर खेळ, नोकरी बघ, मी तोंड उघडणार नाही. नाही आलीस तर मुकाट्यानं पदर घे. आबा मध्ये पडले नाहीत. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य त्या शिबिरावर टांगलेलं. हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण रात्रंदिवस मी तिच्याच कानाशी हे बडबडत असायचे.

शिबिरावर शिकवायला एक फ्रेंच बाई आणली होती. उंच, उन्हानं लालबुंद झालेली, केस पांढरे. एकेकाळी फ्रान्सच्या संघातून खेळलेली. ती इंग्रजीत बोलायची आणि आमचे सर आम्हाला समजावून सांगायचे. एकदा जेवताना ती आमच्या टेबलावर येऊन बसली आणि स्वतःचं सांगू लागली. तिचा बाप कारखान्यात कामाला, गावात गवताचं एक मैदान, तिथून ती देशाच्या संघात गेली. आणि संघात इतकी वर्षं तिचं काम काय, तर कॉर्नरला चेंडू अडवायचा! माझा घास हातातच राहिला. मी सरांना म्हटलं, विचारा, बाईंच्या नावावर गोल किती? बाई हसली आणि बोट-अंगठा जोडून शून्य करून दाखवलं. मग तिनं उजवी करंगळी माझ्यापुढं धरली. चेंडू बसून वाकडी झालेली. माझीही तशीच आहे. मी ती तिच्या करंगळीशेजारी ठेवली तेव्हा तिनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की भाजी सांडली.

मला काय झालं सांगू, मला रडूच आलं. आजवर मी कोणालाच दिसले नव्हते, हिला दिसले. माझी मैत्रीण शेजारी बसून पोळीचे तुकडे करत होती. "भाग्यवान आहेस वं," म्हणाली. मी ते साधेपणानं घेतलं.

मग शिबिरात कुजबुज सुरू झाली की बाई तिच्या गावच्या क्लबात खेळायला इथून एकीला घेऊन जाणार. एकीलाच. कोणी सांगितलं, कोणाला ठाऊक. पण आमच्याकडं जे काही येतं ते एकालाच येतं, हे सगळ्यांना जन्मापासून माहीत, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. मी तिला म्हटलं, "तूच जाशील. मले राज्याच्या संघात जागा भेटली तरी खूब झालं."

शेवटच्या सामन्याला बाईनं आम्हा दोघींना वेगवेगळ्या संघात टाकलं. माझ्याकडं मारायला अकोल्याची एक पोरगी आली. आदल्या संध्याकाळी नळावर ताटं धुताना मी तिला विचारलं, "या अकोल्याच्या पोरीले आपल्या खुणा सांगू का? तुही हरकत नसंल तं." कायदाच तसा होता ना, जोडीदाराला विचारायचं. ती म्हणाली, "सांग ना. त्यात काय." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं आपण होऊन ओला हात माझ्या हातावर ठेवला. "उद्या मी तुह्या हाताकडं पाहणारच नाही. आबाची शपथ."

मी मागितली नव्हती शपथ! तिनं आपल्या तोंडानं घेतली, माझ्या बापाची घेतली. खुणा बदलाव्यात असं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याच माणसापासून काय लपवायचं?

पहिला कॉर्नर मिळाला. मी गुडघ्यावर दोन बोटं ठेवली. चेंडू माझ्या स्टिकपर्यंत यायच्या आतच त्यांच्या पोरी डावीकडं धावत सुटल्या. गेला वाया. मला वाटलं, योगायोग असंल. दुसऱ्या कॉर्नरला पंजा उघडा ठेवला, तर चेंडू ढकलणारीच्या अंगावर दोघी आधीच जाऊन उभ्या. तिसऱ्या वेळी पुन्हा दोन बोटं ठेवली मुद्दाम, बघायला. आणि त्यांची गोलकीपर जाळीच्या आतून खणखणीत ओरडली, "दोन बोटं! दोन बोटं!"

मी सरळ तिच्याकडं बघितलं. ती गोलरेषेवर वाकून नडगीच्या पॅडचा पट्टा बांधत होती. पट्टा बांधलेलाच होता. तिनं मान वर केली नाही.

चौथ्या कॉर्नरला मी हात गुडघ्यावर ठेवलाच नाही. पण माझी नजर चेंडूवर नव्हती, तिच्यावर होती, आणि चेंडू माझ्या स्टिकवरून उडून गेला. जिनिंगच्या सिमेंटवर जो कधी उडाला नव्हता, तो त्या गुळगुळीत टर्फवर उडाला. पुढं काय खेळले ते मला आठवत नाही.

संध्याकाळी नावं वाचली. राज्याच्या संघात ती, मी नाही. बाई माझ्याजवळ आली, काहीतरी बोलली. सर खाली बघत म्हणाले, "बाई म्हणते, तुहे हात चांगले हायत. पण तुह्या हातातलं समद्याईले समजते." माझ्या हातातलं एकीलाच समजत होतं आणि तिनं बाजार मांडला, हे सांगितलं असतं तर रडकी ठरले असते. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली नाही. झालं ते एवढंच. ना भांडण, ना शिवीगाळ. शिवीगाळ तरी व्हायला पाहिजे होती.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं, शपथेसकट. मला वाटलं, उठतील, तिच्या घरी जातील, चार शब्द सुनावतील. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला. "अस्सं का," म्हणाले आणि बाजारात निघून गेले.

डोणगावचं स्थळ मी हट्टानं मोडलं, पण त्यासाठी आईशी दोन वर्षं बोलणं बंद पडलं. धडपडत, परीक्षा देत शेवटी बसवर लागले. ती पुढच्या वर्षी फ्रान्सला गेली. आधी क्लबात खेळली. सकाळी बेकरीत काम, संध्याकाळी सराव, असं आबांना फोनवर सांगायची. तिथली भाषा शिकली, तिथल्याच माणसाशी लग्न केलं, इथला पासपोर्ट परत केला आणि मग निळी जर्सी घालून त्यांच्या देशाकडून खेळली. सोपं नाही ते. तिच्या फटक्यात ताकद होती हे मी कधीच नाकारणार नाही, त्या फटक्याला मीच तर चेंडू पुरवला होता.

मला जास्त लागलं ते आबांचं वागणं. फोन आला की हसून बोलायचे. "थंडी लय हाय का तिथी? खातं-पेतं का नाही?" तिनं पाठवलेला स्वेटर घालून गल्लीत मिरवायचे. पेपरात फोटो आला तर मलाच वाचून दाखवायला लावायचे. मी वाचायचे, आणि आत जळून खाक व्हायचे. माझा बाप हा! त्याच्या नावाची शपथ मोडली गेली आणि हा स्वेटर घालून फिरतो.

एकदा अमडापूरच्या स्टँडवर गाडी उभी होती. मी मोबाइलवर तिचा सामना लावला होता. बघायचे मी तिचे सामने, नाही कशाला म्हणू. फ्रान्सला कॉर्नर मिळाला. ती मारायला उभी. आणि तिच्यासमोरच्या गोऱ्या पोरीनं वाकायच्या आधी उजवा हात गुडघ्यावर ठेवला. दोन बोटं. चेंडू डावीकडं सरकला, तिनं मारला, गोल. मी पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघितलं. आमच्या बैलबाजारातली बोटं, माझ्या बापाची बोटं, तिकडं कोणाच्या तरी गुडघ्यावर! ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला आणि मी दारात तशीच उभी.

घरी येऊन आबांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्याजवळ नेला, नीट बघितलं. "बरोबर ठेवली बोटं पोट्टीनं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी जेवले नाही. आई गेली होती तोवर, आणि त्या घरात माझ्या बाजूनं कोणीच उरलं नव्हतं, असं मला खरंच वाटलं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी आली. मी खाकी घालून निघायच्या तयारीत. आबा ओसरीत खाटेवर बसलेले. आता त्यांना दिसतं कमी, बाजार कधीचा सुटला, पण दुपट्टा खांद्यावर असतोच. तिनं त्यांच्या पाया पडून घेतलं, खाटेच्या कडेला बसली. अंगावर भारी कोट, बोलणं मात्र जसंच्या तसं. "आबा, वाळले जी तुम्ही," म्हणाली. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी चौकटीत उभी राहून दात आवळले.

मग तिनं ते केलं. लहानपणी करायची तस्सं. आबांच्या दुपट्ट्याचं टोक धरलं, हात खाली सरकवला आणि हसून म्हणाली, "सांगा आबा, आजची जोडी केवढ्याले गेली?"

आबांनी तिचा हात हळूच बाहेर काढला. दुपट्टा खांद्यावरून उतरवला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवला.

"तोंडानं बोल," म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. ती हसतच होती. "काऊन आबा?"

"तुह्यासंग दुपट्टा टाकता येत नाही मले. तू चांगली खेळली, मोठी झाली, मले आनंद हाय. तुले थंडी वाजते का, हे मी इचारीन, मरेस्तोवर इचारीन. पण बोलाचं अशीन तं तोंडानं बोल. हे उभी हाय तिच्या देखत बोल."

तिचं हसू उतरलं. हा माणूस इतकी वर्षं गप्प होता, आणि मी समजत होते की विसरला. तो वाट बघत होता ती समोर येऊन बसायची.

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मग ती खाली बघत म्हणाली, "मी सांगतलं होतं, आबा. गोलकीवाल्या पोट्टीले. समद्या खुणा सांगतल्या. बाईले ही आवडली होती. मले वाटलं, एकीलेच नेणार, आन हिलेच नेईन."

"आन?" आबा म्हणाले. दलाल माणूस, समोरच्यानं हातचं राखलं की त्यांना अजूनही कळतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा. डोळे भरले होते तिचे.

"तिथी गेल्यावर बाईनं सांगतलं. तिले एक अडवणारी पाहिजे होती आन एक मारणारी. जोडीच शोधून राह्यली होती ते. आपण एकमेकीबिगर कशा खेळतो हे पाहाले वेगळं टाकलं होतं तिनं आपल्याले." ती थांबली. "जागा दोन होत्या."

"केव्हा सांगितलं तिनं हे?" मी विचारलं.

"पह्यल्याच आठवड्यात."

म्हणजे बेकरीत पाव भाजत होती तेव्हा माहीत होतं. आबांना फोनवर थंडीचं सांगत होती तेव्हा माहीत होतं. त्या गोऱ्या पोरीला वाकायला शिकवलं, गुडघ्यावर हात कुठं ठेवायचा ते दाखवलं, तेव्हाही माहीत होतं की ती जागा कोणाची होती. काल स्टेजवरून ‘एक मैत्रीण होती’ म्हणाली, तेव्हाही.

"मले माफ कर वं," म्हणाली आणि हात पुढं केला. उताणा, बोटं पसरून.

आबांनी मांडीखालचा दुपट्टा काढला आणि माझ्याकडं धरला. "हे घे. सौदा तुहा हाय. टाकाचा तं टाक."

मी तो घेतला. मऊ झाला होता धुऊन धुऊन, कडेला माझ्या आईनं घातलेली शिवण. तिचा हात तसाच पुढं होता, आणि मला त्या हातातलं बोट न् बोट पाठ होतं. मी दुपट्टा झटकला, आत जाऊन खुंटीला अडकवला, खांद्याला बॅग घेतली आणि ड्युटीवर निघाले. ओसरीतून जाताना मी तिच्या हाताकडं बघितलं नाही.